आजार सोडियमचा, औषध जिप्समचं: काळ्या मातीबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच संदेश मला चार ठिकाणांहून आला. एकदा आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीच्या गटावर, एकदा गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या गटावर, मग शाळेतल्या मैत्रिणींकडून आणि शेवटी थेट नणंदेकडून, "वहिनी, हे खरं आहे का? मी पिशवी आणायला निघालेय."

संदेश असा आहे: "नाशिकची माती काळी, चिकण आणि घट्ट. तिच्यावर रामबाण उपाय म्हणजे जिप्सम. दर चौरस फुटाला एक मूठ टाका, पाणी द्या, महिनाभरात माती रव्यासारखी भुसभुशीत होईल. मातीचा सामू (पीएच) उतरतो, टोमॅटोचं बूड काळं पडणं थांबतं. आपले द्राक्षबागायतदार हेच वापरतात. नैसर्गिक खनिज आहे, जास्त पडलं तरी अपाय नाही. विकत घ्यायचं नसेल तर पीओपीचा चुरा किंवा फॉल्स सीलिंगचे तुकडे कुटून टाका." सोबत एक छोटा व्हिडिओ आहे. दोन बरण्यांत गढूळ पाणी, एकीत जिप्सम टाकलेलं. थोड्या वेळात तिच्यातला गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. दुसरी बरणी गढूळच राहते.

नणंदेला मी फोनवर एवढंच सांगितलं की थांब, आणू नकोस. पण समोरच्या काकूंनी तोवर पंचवीस किलोच्या दोन पिशव्या आणल्या होत्या, आणि त्यातली अर्धी पिशवी गुलाबांच्या आळ्यात गेलीही होती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जिप्सम हे थोतांड नाही. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. आमच्या शेताच्या उताराच्या टोकाला दीड एकराचा एक तुकडा होता, त्याला घरात सगळे 'चोपण' असंच म्हणायचे. पाणी दिलं की ती माती लोण्यासारखी व्हायची, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. वाळली की दगड. पावसाचं पाणी तिथे चार-चार दिवस साचून राहायचं आणि ते कधी निवळायचं नाही, चहासारखं गढूळच. बी पेरलं तर निम्मं उगवायचं नाही. आप्पांनी मातीचा नमुना तपासायला दिला, तेव्हा चिठ्ठीवर सोडियमचं प्रमाण जास्त आलं. मग उन्हाळ्यात आधी बांधाकडेनं खोल चर खोदले, मग चिठ्ठीत लिहिलं होतं तेवढं जिप्सम वरच्या वीतभर मातीत मिसळलं, वाफे बांधले, पाऊस आत मुरू दिला, आणि त्यावर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून ते फुलायच्या आत गाडलं. तिसऱ्या वर्षी त्या तुकड्यात गहू नीट आला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जिप्समला नावं ठेवायला माझी जीभ धजणार नाही.

पण आप्पांच्या त्या तुकड्यात जे घडलं ते का घडलं, हे कळलं की संदेशातला पहिला मुद्दा कुठे घसरतो ते आपोआप दिसतं.

चिकण मातीचा कण अतिशय बारीक असतो आणि त्याच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे तो कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांचे धन भाराचे कण अंगाला चिकटवून धरतो. कॅल्शियमवर दोन भार असतात, तो शेजारच्या कणांना एकत्र आणतो, त्यांचे रवे होतात, रव्यांमध्ये पोकळी राहते आणि तिथून हवा-पाणी जातं. सोडियमवर एकच भार, आणि तो स्वतःभोवती पाण्याचं जाड वेष्टण घेऊन बसतो. त्याची गर्दी झाली की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात पसरतात आणि पोकळ्या बुजवून टाकतात. धरून ठेवलेल्या एकूण धनभारांत सोडियमचा वाटा साधारण १५ टक्क्यांच्या वर गेला की त्या जमिनीला आपण चोपण म्हणतो. अशा मातीचा सामू बहुधा ८.५ च्या वर असतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावतो, सोडियम सल्फेट तयार होतं, ते पाण्यात विरघळतं आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर खाली निघून जातं. निचरा नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. आप्पांनी चर आधी खोदले ते याचसाठी.

आता संदेशातला पहिला दावा: "काळी चिकण माती जिप्समने भुसभुशीत होते."

आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली. या खडकातच कॅल्शियम भरपूर. त्यातून बनलेल्या चिकणमातीच्या अंगावर सर्वांत मोठा वाटा बहुतेक ठिकाणी कॅल्शियमचाच असतो, आणि वर अनेक ठिकाणी मातीत चुनखडी मिसळलेली असते. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ, कुठेही घराच्या पायासाठी खोदलेल्या खड्ड्याची कड पाहिलीत तर मातीत पांढरे खडे दिसण्याची शक्यता मोठी. ते खडे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

थोडा हिशेब मांडते, तो कुणीही कागदावर पडताळून पाहावा. एक चौरस मीटर जागेतली वरची पंधरा सेंटिमीटर माती सुमारे २०० किलो भरते. काळ्या मातीच्या कणांना चिकटलेला कॅल्शियम १०० ग्रॅम मातीमागे ३० मिलिइक्विव्हॅलंट (हे कणांवरचे भार मोजायचं माप) धरला, आणि भारी काळ्या मातीसाठी तो वाजवी आकडा आहे, तर त्या २०० किलोत सव्वा किलोच्या आसपास कॅल्शियम नुसता कणांवर बसलेला निघतो. मातीत ५ टक्के, म्हणजे १० किलो चुनखडी असेल तर तिच्यात आणखी ४ किलो. आणि चौरस फुटाला एक मूठ या दराने चौरस मीटरमागे साधारण किलोभर जिप्सम पडेल, त्यात कॅल्शियम असतो २३ टक्के, म्हणजे पाव किलोहूनही कमी. ज्या घरात पाच किलो मीठ पडून आहे तिथे आपण आणखी एक वाटी मीठ नेऊन देतो आहोत.

यावर एक रास्त आक्षेप येतो. चुनखडी पाण्यात फारशी विरघळत नाही, मग तिच्यातल्या कॅल्शियमचा उपयोग काय? बरोबर आहे, चोपण जमिनीत तो उपयोगी पडत नाही, म्हणूनच चुनखडी असूनही तिथे जिप्सम द्यावं लागतं. पण ज्या मातीत सोडियमच नाही, तिथे कॅल्शियमने कुणाला हुसकावायचं? जागा आधीच त्याच्याकडे आहेत. शिवाय शेणखत कुजताना आणि मुळं श्वास घेताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याने थोडी थोडी चुनखडी विरघळतच असते.

मग कॅल्शियम एवढा असूनही आपली माती चिकट का? कारण तिचा स्वभावच तसा आहे. या मातीतलं मुख्य चिकण खनिज पाणी आत घेऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळे. कॅल्शियमने भरलेलं हे खनिजही फुगतं, भेगाळतं, खुरप्याला चिकटतं. जिप्समने खनिज बदलत नाही. आणि एक सांगते, हा दोष म्हणून पाहूच नका. भेगांमधून वरची माती खाली जाते, खालची वर येते, म्हणून तर काळी जमीन आपली आपण नांगरते असं म्हणतात. तिच्यात ओल टिकते. पावसाळ्यानंतर हरभरा आणि रब्बी ज्वारी फक्त ओलीवर येतात ते याच स्वभावामुळे.

घराभोवतीच्या बागेत तर आणखी एक कारण असतं, आणि बहुतेक वेळा खरं दुखणं तेच असतं. बांधकाम चालू असताना त्या जागेवरून जेसीबी फिरलेला असतो, सिमेंटच्या गोण्या, सळया, वाळूचे ढीग पडून राहिलेले असतात. पायातून निघालेली खालची माती वर पसरलेली असते, तिच्यात सेंद्रिय अंश नावालाही नाही. त्यावर मुरूम, विटांचे तुकडे, प्लास्टरचा राडारोडा, आणि सगळ्यावर चार इंच विकतची लाल माती. खाली दाबून बसलेल्या थराला रसायनाने काही होत नाही, तो हत्याराने आणि मुळांनीच फुटतो. आमच्या बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यात मी टिकाव मारला तेव्हा वीतभर खाली सिमेंटच्या मालाचा थर सापडला. तिथे कढीपत्ता तीन वर्षं जागचा हलत नव्हता आणि मी खतं बदलत बसले होते.

"महिनाभरात" हा शब्दही तपासून पाहू. एक लिटर पाण्यात जिप्सम विरघळतं सुमारे अडीच ग्रॅम. किलोभर विरघळायला ४०० लिटर पाणी लागेल, आणि ते एका चौरस मीटरवर. म्हणजे ४०० मिलिमीटर पाऊस. कुंडीला रोज मगभर पाणी घालून हे महिन्यात होणार नाही.

व्हिडिओतल्या बरण्यांचं काय? तो प्रयोग खरा आहे, त्यात फसवणूक नाही. पण तो जे दाखवतो ते वेगळंच आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवायच्या आणि गाळ तळाला बसायचा. तीच ही क्रिया. ढवळून सुटे केलेले कण क्षार घातला की जवळ येतात आणि खाली बसतात. बरणीतली माती कुणीतरी आधी जोरात हलवून मोकळी केलेली असते. तुमच्या बागेतली माती पाणी पडल्यावर आपणहून अशी मोकळी होऊन पाण्यात तरंगते का, हा प्रश्न आहे. तरंगत असेल तर जिप्समचा उपयोग आहे. नसेल तर नाही. आणि हे पाहायला बरणी हलवायची नसते.

वाटीत करून पाहा. बागेतलं शेंगदाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, दोन-तीन ठिकाणांहून घेतलीत तर उत्तम. काचेच्या वाटीत पावसाचं किंवा बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घ्या. नळाचं नको, कारण त्यातले क्षार निकाल झाकतात. ढेकूळ अलगद पाण्यात सोडा आणि वाटीला हात लावू नका. ढेकूळ फुटून त्याचा ढीग झाला पण पाणी स्वच्छ राहिलं, तर माती सोडियमने बिघडलेली नाही. तिच्यात सेंद्रिय अंश कमी आहे एवढंच ते सांगतं. ढेकळाभोवती दुधासारखं धुकं पसरलं, दोन तासांनी दिसलं आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर झालं, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. अशा वेळी नमुना प्रयोगशाळेत द्या. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. सामू, क्षारता, मुक्त चुना यांच्यासोबत विनिमयी सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेला सोडियम, आठवणीने मागा. काकूंच्या गुलाबांच्या वाफ्यातली तीन ढेकळं मी त्यांच्याच स्वयंपाकघरात रात्रभर ठेवली. सकाळी पाणी आरशासारखं होतं, तळाला मातीचे तीन ढीग.

दुसरा दावा: "सामू उतरतो." चोपण जमिनीत उतरतो, कारण तिथे सोडियम कार्बोनेट असतं आणि जिप्सम त्याच्याशी संयोग पावून त्याला निकामी करतं. त्यावरूनच हा समज पसरला असावा. पण चुनखडीच्या मातीत सामू ८ च्या आसपास धरून ठेवते ती चुनखडी, आणि जिप्सम हा उदासीन क्षार. तो आम्ल नाही, त्यामुळे चुनखडीला काहीच करत नाही. काही जण मग गंधक सांगतात. गंधकाचं मातीतल्या जिवाणूंमुळे आम्ल होतं हे खरं, पण वरच्याच हिशेबातली १० किलो चुनखडी संपवायला चौरस मीटरमागे ३ किलोहून जास्त गंधक लागेल. कोणत्याही बागेत ते करू नये. जास्वंद, मोगरा, लिंबू यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात तो केवडा, आणि आपल्याकडे तो बहुधा चुनखडीमुळे लोह न मिळाल्याने येतो. त्यावर जिप्सम घालणं म्हणजे आणखी कॅल्शियम घालणं. चिलेटेड लोह वापरायचं असेल तर दुकानात ईडीडीएचए प्रकारचं आहे का ते विचारा. ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते पानांवर फवारायला ठीक.

टोमॅटोच्या बुडावर काळा, चामड्यासारखा डाग पडतो, आणि तो कॅल्शियमच्या कमतरतेचा असतो, हेही अर्धं खरं आहे. कमतरता फळात असते, मातीत नसते. कॅल्शियम झाडात फक्त वर चढणाऱ्या पाण्याबरोबर वाहतो. पानांतून बाष्प भरपूर जातं म्हणून पाणी तिकडे धावतं, फळाकडे थोडंच येतं. दोन दिवस पाणी विसरलं, तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतलं, की वाढत्या फळाचं टोक उपाशी राहतं. युरियाचा मारा, मुळांना इजा, मातीत क्षार वाढणं यानेही तेच होतं. म्हणजे जिप्सम टाकून आपण क्षार वाढवले तर दुखणं वाढूही शकतं. अंड्याची टरफलं मुळाशी पुरणाऱ्यांनाही हेच सांगेन: ती विरघळायला वर्षं लागतात, आणि चुनखडीच्या मातीत तर त्याहून जास्त. रोज ठरलेल्या वेळी बेताचं पाणी आणि बुडाशी पाल्याचा जाड थर, एवढं पंधरा दिवस करा. पुढची फळं बघा.

"आपले द्राक्षबागायतदार हेच वापरतात" या वाक्याने सगळ्यात जास्त लोक गाफील झाले आहेत. नाशिकमध्ये द्राक्षाचा दाखला दिला की पुढे कोण बोलणार? पण पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडचा जाणता बागायतदार काय करतो ते विचारा. तो माती तपासतो, विहिरीचं-बोअरचं पाणी तपासतो, छाटणीनंतर ठरलेल्या दिवशी पानांचे देठ काढून परीक्षणाला पाठवतो. बोअरच्या पाण्यात सोडियम आला, पानांच्या कडा करपू लागल्या, तर तो अहवालाप्रमाणे जिप्सम किंवा गंधक देतो. क्षार आणि पाणीटंचाई सोसावी म्हणून तर महाराष्ट्रात डॉगरिज नावाच्या काटक द्राक्षाच्या खुंटावर कलम करून द्राक्षं लावण्याची पद्धत रुजली. त्याचं जिप्सम हे मोजमापानंतरचं आहे. आणि भुईमुगाला आऱ्या (फुलांपासून निघून जमिनीत शिरणाऱ्या दांड्या) सुटताना जिप्सम देतात ते पूर्ण वेगळ्या कारणाने: शेंग जमिनीत वाढते, तिला मुळांकडून कॅल्शियम पोचत नाही, म्हणून तो आऱ्यांजवळच्या मातीत हवा. कांदा उत्पादकांना जिप्सममधलं गंधक हवं असतं, कांद्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांतूनच येतो. या तिन्ही शेतकऱ्यांची कारणं वेगळी, आणि एकाचंही कारण "माती भुसभुशीत करणं" हे नाही.

ज्या मुलखांत चिकण माती आणि सोडियम बरोबरच येतात तिथे "चिकण मातीला जिप्सम" हा सल्ला योग्यच ठरतो. ऑस्ट्रेलियात अशा जमिनी फार मोठ्या भागावर आहेत. आपल्याकडे हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशातल्या ऊसर, म्हणजे चोपण जमिनी जिप्सममुळे पिकाखाली आल्या. कर्नालला १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं त्यात मोठं काम आहे. अशाच ठिकाणचा सल्ला बहुधा भाषांतरित होऊन नाशिकच्या गटांवर आला, आणि वाटेत 'सोडियम' हा शब्द गळून पडला.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही." खनिज नैसर्गिक आहे, भारतात ते मुख्यतः राजस्थानातून निघतं. पण खतांच्या दुकानात मिळणारं बरंचसं जिप्सम खत कारखान्यातलं फॉस्फोजिप्सम असतं, फॉस्फोरिक आम्ल बनवताना उरलेलं, आणि त्यात फ्लोराइडसारख्या अशुद्धी राहू शकतात. पिशवीवर वाचून घ्या. प्रमाणाचं म्हणाल तर चौरस फुटाला मूठ म्हणजे एकरी चार टन! चांगल्याच बिघडलेल्या चोपण जमिनीला तपासणीनंतर द्यावं असं हे प्रमाण आहे. शंभर ग्रॅम मातीमागे एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम घालवायला चौरस मीटरला १७२ ग्रॅम शुद्ध जिप्सम पुरतं, यावरून अंदाज करा. इतका कॅल्शियम अचानक आला की तो मॅग्नेशियम आणि पोटॅशियमला कणांवरून ढकलतो आणि ते पाण्याबरोबर निघून जातात. कुंडीत तर माती थोडी, पाणी थोडं, आणि क्षार साचायला वेळ लागत नाही. कोकोपीटमधल्या रोपांच्या पानांची टोकं करपलेली दिसली तर आधी कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू द्या, पांढऱ्या पावडरीकडे वळू नका.

पीओपी आणि सीलिंगचे तुकडे याबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे, कारण गणपती झाले की हा प्रकार दरवर्षी वाढतो. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे तापवून पाणी काढलेलं जिप्सम, पाणी लागलं की ते परत जिप्सम होतं आणि घट्ट बसतं. कोरडी पीओपी पावडर आळ्यात टाकलीत तर मुळांभोवती दगडाचं कडं तयार होईल. सीलिंगच्या बोर्डात कागद, काचेचे तंतू, चिकटवणारे पदार्थ आणि वरून रंग असतो. मूर्तीच्या रंगात शिसं आणि इतर जड धातू असू शकतात. ज्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर लावणार, तिथे हे कुटून घालायचं? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या घरी पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवायची पद्धत दिली आहे. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट तयार होतं. ते पाणी खत म्हणून वापरता येतं असं सांगतात, पण मूर्ती रंगीत असेल तर भाजीच्या वाफ्यात मी तेही घालणार नाही. सगळ्यात सोपं म्हणजे शाडूची मूर्ती आणा. तिची माती बागेत निर्धास्त मिसळता येते.

मग घट्ट काळ्या मातीचं करायचं काय? मी माझ्या बागेत जे करते ते सांगते. सगळ्यात आधी वाफसा. माती ओली असताना तिच्यात पाय घालायचा नाही, खुरपं घालायचं नाही. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि अंगठ्याने ढकलला की फुटावा, ही वेळ काळ्या मातीत पावसानंतर जेमतेम दोन-चार दिवसांची मिळते. ती साधली तर निम्मं काम झालं. ओल्या मातीत एकदा नाचलात की वर्षभर ढेकळं फोडत बसावं लागतं, आणि हे मी माळीदादांना हात जोडून सांगते, कारण पगारी वेळ आणि वाफशाची वेळ एकत्र येत नाही.

दुसरं, सेंद्रिय अंश. पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन बोटं जाडीचं, वर्षातून दोनदा, वरच्या थरात. सोसायटीचा पालापाचोळा जाळू देऊ नका, तोच आणून वाफ्यांवर अंथरा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला नाही तर वरचा पापुद्राही धरत नाही, आणि गांडुळं ते सगळं खाली ओढून नेतात. रव्यांना बांधून ठेवणारा डिंक हा बुरशी, जिवाणू आणि मुळांचा असतो. काळ्या मातीत वाळू मिसळू नका, हेही जाता जाता. थोड्या वाळूने विटेसारखा गारा होतो, आणि फरक पडेल एवढी वाळू घालायची तर निम्मी बाग वाळूची करावी लागेल.

दाबलेला थर असेल तर उन्हाळा संपताना, माती भेगाळलेली असताना टिकावाने फोडा. जून उजाडताच ताग पेरा, दीड महिन्याने फुलं यायच्या आत कापून तिथेच गाडा. पाणी साचणाऱ्या जागी वीतभर उंचीचे गादीवाफे करा आणि कडेने छोटा चर काढून पाण्याला वाट द्या. हे सगळं एका पावसाळ्यात होत नाही. माझ्या मागच्या कोपऱ्याला चार पावसाळे लागले.

काकूंनी उरलेली दीड पिशवी माझ्या भावाकडे दिली आहे, त्याचा उन्हाळी भुईमूग आहे. गुलाबांच्या आळ्यांत जे पडलं होतं ते आम्ही दोघींनी वरवर खरवडून काढलं.

आणि एक जागा अशी आहे जिथे मी स्वतः जिप्सम द्यायला सांगितलं. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत बोअरचं पाणी जड म्हणून सॉफ्टनर बसवला आहे. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, म्हणून तर त्यात पोत्याने मीठ भरावं लागतं. बागेचा नळ त्याच पाइपवर जोडलेला होता. चार वर्षं त्या हिरवळीला रोज सोडियमचं पाणी मिळत होतं. तिथली ढेकळं वाटीत टाकली तर तासाभरात पाणी दुधासारखं झालं, आणि प्रयोगशाळेच्या अहवालानेही तेच सांगितलं. सोसायटीच्या सचिवांना आधी नळ सॉफ्टनरच्या अलीकडून घ्यायला सांगितला, नाहीतर वरून जिप्सम आणि खालून सोडियम असं चालूच राहिलं असतं. मग उताराच्या बाजूला चर काढला, अहवालाप्रमाणे मोजून जिप्सम मातीत मिसळलं. आता पाऊस सुरू झाला आहे. ऑक्टोबरमध्ये त्याच जागेवरची ढेकळं पुन्हा वाटीत टाकायची आहेत.